दोन्ही अर्थांनी वकील: जॉन स्कीनची कारकीर्द कशी लावून घ्यावी

जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात माझी ३१ वर्षं गेली. रुमाल सोडायचा, कागद झटकायचे, तारीख लावायची, पुन्हा बांधून फडताळात. निवृत्त झाले आणि लेकीच्या बाळंतपणाला एडिंबराला गेले. नात दुपारी झोपली की दोन तास मोकळे असत. बाहेर पाऊस, घरात हीटर, आणि हात रिकामे. त्या दोन तासांत मला सर जॉन स्कीन भेटला.

परत आल्यावर जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, "बाई, चारशे वर्षांपूर्वीचा परमुलखातला न्यायाधीश तुम्ही हुडकलात कसा?" त्यांना तोंडी सांगून दमले, म्हणून हे लिहून काढते. माझी रीत पंडितांची नाही, रेकॉर्ड रूमची आहे. पण सोळाव्या शतकातला कुठलाही स्कॉटिश न्यायाधीश तुम्हाला अभ्यासायचा असेल तर ती उपयोगी पडेल.

आधी स्कीनच का, ते सांगते. पेशवाईच्या कागदांत 'वकील' म्हणजे परदरबारी पाठवलेला माणूस, राजदूत. काळा कोट चढवणारा वकील नंतरचा. स्कीन दोन्ही अर्थांनी वकील होता. १५७५ साली तो एडिंबराच्या वरिष्ठ न्यायालयात वकिली करू लागला, १५८९ साली राजाचा सरकारी वकील झाला (डेव्हिड मॅकगिलच्या जोडीला), त्याच सुमारास डेन्मार्कला शिष्टाईला गेला आणि १५९४ साली न्यायासनावर बसला. एका माणसात आपल्या भाषेतल्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ सापडल्यावर मी त्याला सोडणार थोडीच!

वही आडवी धरा

दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा आणि पाच रकाने आखा. कागदावरचं वर्ष, आपलं वर्ष, ठिकाण, काय म्हणून, आणि कोणी सांगितलं. पहिल्या चार रकान्यांत काय भरायचं ते कोणीही सांगेल. पाचवा मात्र कधीही रिकामा सोडू नका. "स्कीनला लॅटिन उत्तम येत होतं" हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे यावर त्याची किंमत ठरते. मित्राचं, शत्रूचं, त्याचं स्वतःचं, की दोनशे वर्षांनंतरच्या चरित्रकाराचं?

दोन रकाने वर्षासाठी का, ते माझ्या चुकीवरून सांगते. राजा सहावा जेम्स पैशाच्या बाबतीत अगदी ढिला. १५९६च्या जानेवारीत त्याने खजिना आठ जणांच्या हाती सोपवला, म्हणून लोक त्यांना ऑक्टेव्हियन म्हणू लागले (लॅटिनमध्ये 'ऑक्टो' म्हणजे आठ). अलेक्झांडर सेटन, टॉमस हॅमिल्टन, पीटर यंग वगैरे मंडळी, आणि त्यांत आपला स्कीन. त्या काळच्या कागदावर या नेमणुकीचं साल मात्र १५९५ असतं. मी तसंच उतरवलं आणि पुढचे आठ दिवस डोकं धरून बसले, कारण १५९५च्या उन्हाळ्यातल्या कुठल्याच कागदात या आठांचा पत्ता नव्हता. असणार कसा? स्कॉटलंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतचे दिवस जुन्याच सालात. १ जानेवारीला नवं वर्ष धरायची सुरुवात १६०० साली झाली. तेव्हा त्याआधीच्या या पावणेतीन महिन्यांतली तारीख आली की सालात एक मिळवायचा. मोडी कागदातल्या शुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना बघून ठरवणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. मलाही वाटायला नको होतं!

पण एक सांभाळा. छापील पुस्तकाच्या संपादकाने पुष्कळदा साल आधीच दुरुस्त केलेलं असतं. प्रस्तावना न वाचता तुम्ही पुन्हा एक मिळवलात की माणूस नेमणुकीआधीच राजीनामा देतो.

दिवसांचा घोळ वेगळा. १५९१ साली स्कीन नेदरलँड्सच्या स्टेट्स जनरलकडे, म्हणजे तिथल्या प्रांतांच्या सभेकडे, वकील म्हणून गेला. हॉलंडने १५८३ पासून पोपचं सुधारलेलं कॅलेंडर घेतलं होतं, स्कॉटलंडने १७५२ पर्यंत घेतलं नाही. म्हणजे जहाजातून उतरला की माणूस दहा दिवस पुढे. डेन्मार्क मात्र तेव्हा जुन्याच कॅलेंडरवर होता, तिथल्या तारखांना हात लावू नका.

नावं

'मिस्टर' या शब्दावरून आधी नजर उठू देऊ नका. त्या काळच्या स्कॉटिश कागदात नावाआधी 'मिस्टर' किंवा 'मेस्टर' लिहिलं असेल तर तो विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतलेला माणूस. आपल्या 'श्री.'सारखा तो कोणालाही लावत नसत. "मेस्टर जॉन स्कीन" एवढं दिसलं की दुसऱ्या अशिक्षित जॉन स्कीनला त्या ओळीपुरतं बाजूला काढता येतं.

मग 'लॉर्ड'. न्यायासनावर बसल्यावर तो 'लॉर्ड करीहिल' झाला. हे सरदारकीचं लॉर्डपण नव्हे. न्यायाधीशाला आपल्या जमिनीच्या नावाने लॉर्ड म्हणायची पद्धत होती, ते पद त्याच्यापुरतं. वारसाहक्काने मुलाला मिळत नसे. पण गंमत बघा, मुलगा जेम्सही पुढे न्यायाधीश झाला, करीहिल त्याच्याकडे आलं, म्हणून तोही लॉर्ड करीहिल. आणि एकोणिसाव्या शतकात जॉन मार्शल नावाचे बापलेक, दोघे न्यायाधीश, दोघेही लॉर्ड करीहिल! नुसतं 'लॉर्ड करीहिल' शोधलंत तर चौघांची खिचडी हाती येईल. शिवाय दुसरा एक मुलगा जॉनच. त्याच्या नावावर जुन्या सुरावटींची एक हस्तलिखित वही आहे, ती राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. न्यायाधीशाने फावल्या वेळात तंतुवाद्य वाजवलं असं छान वाक्य मी लिहूनही बसले होते. खोडलं.

स्पेलिंगला भिऊ नका. 'डब्ल्यू-एच'च्या जागी 'क्यू-यू-एच' येतं, 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी बसतात, आणि जुनं 'योग' नावाचं अक्षर छापखान्यात 'झेड' झालेलं असतं. म्हणून तर मेंझीस लिहिलेलं आडनाव स्कॉटिश माणूस मिंगिस असं म्हणतो. ओळ अडली की मोठ्याने वाचा. डोळ्याला अनोळखी असलेला शब्द कानाला ओळखू येतो. मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायचे, जावई म्हणायचे, "आई, कोणाशी भांडताय?" तरीही अडलंच तर स्कॉट्स भाषेचा थोरला शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी कोशात शोधू नका. ओळखीचा दिसणारा शब्द तिथे भलताच अर्थ देतो.

पैशांचं एवढंच. पौंड दिसला तर तो स्कॉटिश की इंग्रजी ते बघा. १६०३ साली दोन्ही गाद्या एक झाल्या तेव्हा बारा स्कॉटिश पौंडांना एक इंग्रजी पौंड असा दर ठरला. 'मर्क' म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. आणि पगार नेहमी नाण्यांतच असतो असंही नाही. कायद्यांचं संकलन करायच्या कामाबद्दल स्कीनला पेन्शन मिळालं ते आर्ब्रोथच्या मठाच्या उत्पन्नातलं धान्य.

'मी पाहिले' शोधा

हा भाग सावकाश वाचा, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे.

१५९७ साली स्कीनने पहिल्या जेम्सपासूनचे संसदेचे कायदे एकत्र छापून घेतले. मुद्रक रॉबर्ट वॉल्डग्रेव्ह, इंग्लंडमधून पळून आलेला. त्याच्या शेवटी स्कीनने कायद्यातल्या अवघड शब्दांचा कोश जोडला. नाव लॅटिन, 'दे व्हेर्बोरुम सिग्निफिकात्सिओने', मजकूर स्कॉट्समध्ये. अकारविल्हे शब्द, त्यांचे अर्थ, आधार. असा ग्रंथ आपण संदर्भ बघून मिटतो. मिटू नका. सलग वाचा आणि लाल पेन घेऊन ग्रंथकार कुठे 'मी' म्हणतो ते शोधा.

'पेदे-पुल्व्हेरोसुस' या शब्दाशी तो म्हणतो. शब्दाचा अर्थ, ज्याचे पाय धुळीने भरले आहेत असा. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता. अर्थ सांगून झाल्यावर स्कीन सहज लिहून जातो की असे पुष्कळ लोक मी १५६९ साली क्राकाव शहरात पाहिले.

क्राकाव! म्हणजे पोलंड. तिथे त्या काळी स्कॉटिश फेरीवाल्यांचा सुळसुळाट होता हे इतिहासकार सांगतात, पण इथे आपला माणूस स्वतः, ऐन तरुणपणी, त्या गर्दीत उभा आहे. कुठल्या नेमणूकपत्रात ही नोंद नाही. माझ्या वहीत १५६९ची ओळ भरली, आणि 'कोणी सांगितलं'च्या रकान्यात मी पहिल्यांदा लिहिलं: स्वतः.

मला तो शब्दही आवडला. आपल्याकडे वारकरी पंढरपुरात पोचला की आंघोळीआधी, धुळीच्या पायांनी घेतो ते धूळदर्शन. तिथे देव थांबत नाही, इथे न्याय थांबत नसे. जुन्या स्कॉटिश नगरकायद्यात अशा वाटसरू व्यापाऱ्याचा तंटा समुद्राला तिसरी भरती यायच्या आत निकाली काढायचा असा नियम होता. पुढच्या गावी जाणाऱ्याला तारखा देत बसता येत नाही म्हणून. मी ३१ वर्षं ज्या फडताळांमध्ये वावरले त्यांना हे वाचून दाखवावंसं वाटलं.

दोन ओळींमध्ये रेघ ओढा

आता वीस वर्षं पुढे जा. जेम्सला डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न करायचं होतं. बोलणी करायला कोण जाणार? सर जेम्स मेल्व्हिल नावाच्या दरबाऱ्याने आपल्या आठवणींत हा प्रसंग दिला आहे. राजा त्याला जा म्हणतो, तो सोबत कायदा जाणणारा माणूस हवा म्हणून स्कीनचं नाव काढतो. राजा म्हणतो, याहून चांगले वकील आहेत की. मेल्व्हिलचं उत्तर असं: जर्मन लोकांची रीत याला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे, त्यांच्यापुढे तो लॅटिनमध्ये लांबलचक भाषणं करू शकतो, आणि माणूस सच्चा नि धट्टाकट्टा आहे, अगदी त्यांच्यातलाच वाटावा असा. राजाला पटलं.

यातलं 'लांबलचक' सोडू नका. उत्तरेच्या दरबारांत लॅटिन ही सगळ्यांना समजणारी भाषा होती आणि कंटाळा न येता तासभर ऐकणं हा पाहुणचाराचा भाग. एडिंबराच्या कोर्टात स्कीनहून हुशार वकील असतीलही. पण जर्मन यजमानाची रीत परक्या गावांत हिंडल्याशिवाय कळत नाही. म्हणून वहीत १५६९च्या ओळीपासून १५८९च्या ओळीपर्यंत एक रेघ ओढा. चरित्रकोशात स्कीनच्या पदांची यादी मिळते, त्या यादीत ही रेघ नसते. एक पद दुसऱ्यातून का निघालं हे कळलं की कारकीर्द कळली. नाहीतर ती नुसती सेवापुस्तिका.

मेल्व्हिलवर सगळा भार मात्र टाकू नका. त्याने म्हातारपणी लिहिलं, हस्तलिखित एडिंबराच्या किल्ल्यात सापडलं ते १६६० साली, छापलं १६८३ साली. आणि तो स्वतः अखेर गेलाच नाही. गेला तो अर्ल मारिशल हा बडा सरदार, जून १५८९ मध्ये, स्कीन त्याच्या पथकात. २० ऑगस्टला क्रोनबोर्गच्या किल्ल्यात अर्लने राजाच्या जागी उभं राहून लग्न लावलं. नवरी निघाली, वादळाने नॉर्वेला फेकली गेली, मग राजा स्वतः तिकडे धावला. पुढे १५९० साली स्कीन कर्नल विल्यम स्ट्यूअर्टबरोबर जर्मन राजांकडे गेला. इंग्लंडच्या गादीवर जेम्सचा हक्क आहे हे त्यांच्या कानावर घालणं हा त्यातला एक हेतू. एलिझाबेथ अजून जिवंत असताना हे बोलायचं, म्हणजे लॅटिन चांगलंच हवं!

अशा वेळी शेजारच्या वकिलाची पत्रं वाचावीत. इंग्लंडचा रॉबर्ट बोव्ज तेव्हा एडिंबरात बसून लंडनला सगळं कळवत होता. पुण्याच्या दरबाराविषयी तिथला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याची पत्रं जशी वाचायची, तशीच ही: माहिती घ्यायची, शेरे बाजूला ठेवायचे.

दफ्तरदार चुकतो तेव्हा

१५९४ साली तो लॉर्ड क्लार्क रजिस्टर झाला. मराठीत सांगायचं तर राज्याचा दफ्तरदार: संसदेचे आणि राज्याचे कागद त्याच्या ताब्यात. त्याबरोबरच न्यायाधीशाची जागा. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण १५३२ साली पाचव्या जेम्सने पंधरा जणांचं कायमचं न्यायालय उभं केलं तेव्हापासूनच न्यायाधीश हा एकाच वेळी दोनतीन खुर्च्यांवर बसणारा माणूस होता. हेन्री बॅलनेव्ह्ज १५३८ साली न्यायाधीश झाला आणि १५४३ साली इंग्लंडला तह करायला गेला. त्याची हॅलहिलची जमीन पुढे मिळाली कोणाला? वर आलेल्या मेल्व्हिललाच. हे वर्तुळ लहान आहे. नावं चारदा भेटतात, म्हणून वहीच्या मागे नातेसंबंधांचं एक पान ठेवा.

दफ्तरदार स्कीनचं मोठं काम १६०९ चं. 'रेगियाम माजेस्तातेम' हा जुना कायदेग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणि स्कॉट्समध्ये छापला. हा ग्रंथ पहिल्या डेव्हिड राजाने करवून घेतला अशी त्याची ठाम समजूत. आता कागद जवळ घ्या. ग्रंथाचं नाव म्हणजे त्याचे पहिले दोन शब्द. 'रेगियाम माजेस्तातेम', राजाचं वैभव. इंग्लंडमधला ग्लॅनव्हिलच्या नावाचा कायदेग्रंथ उघडा, त्याचे पहिले दोन शब्द 'रेगियाम पोतेस्तातेम', राजाची सत्ता. पुढचं वाक्य सारखंच चालतं. एक शब्द बदलून नक्कल केली आहे हे रेकॉर्ड रूममधल्या नव्या पोरालाही कळावं. आणि ग्लॅनव्हिल ११८० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेला, डेव्हिड वारला ११५३ साली. मग डेव्हिडने तो पाहणार कसा?

स्कीनच्याच काळातला टॉमस क्रेग हे मानायला तयार नव्हता, आणि १७६९ साली लॉर्ड हेल्स या न्यायाधीशाने त्या जुनेपणाच्या दाव्याचा समाचार घेतला. माझं मत विचाराल तर स्कीनने लबाडी केली नाही. आपल्या ताब्यातला कागद सगळ्यांत जुना असावा असं प्रत्येक दफ्तरदाराला वाटतं. मलाही वाटायचं. वहीत त्याची चूक लिहा, पण ज्यामुळे ती चूक आपल्याला पकडता आली ते छापील पुस्तक त्यानेच दिलं, हेही शेजारी लिहा.

जागेवर जाणार असाल तर

हाय स्ट्रीटवर मार्गदर्शक तुम्हाला पार्लमेंट हाउसचं सुंदर दालन दाखवतील. ते १६३० च्या दशकातलं, स्कीन त्याआधीच गेला. त्याचं न्यायालय सेंट जाइल्स चर्चशेजारच्या टोलबूथमध्ये, म्हणजे नगराच्या कचेरीत, बसायचं. जुन्या टोलबूथच्या जागी आज फरसबंदीत दगडांचं एक हृदय आहे आणि लोक त्यावर थुंकतात, शुभ म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, वेलिंग्टनच्या घोड्यावरच्या पुतळ्यामागे जनरल रजिस्टर हाउस. तिथे अस्सल कागद मागवायचे तर ओळखपत्र न्या आणि पेन नव्हे, पेन्सिल न्या. पण तोवर घरबसल्या बरंच उरकतं: स्कॉटिश संसदेची सगळी नोंद सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवली आहे, जुन्या मजकुराशेजारी आजच्या इंग्रजीसकट. करीहिल बघायचं असेल तर ४४ नंबरची बस करी गावात नेते. मी बाबागाडी घेऊन गेले. पाऊस, मेंढ्या आणि त्याच नावाचं एक छोटं रेल्वे स्टेशन.

शेवटची ओळ

म्हातारपणी स्कीनला दफ्तरदारी मुलाला मिळवून द्यायची होती. १६११ च्या सुमाराला त्याने सहीचा राजीनामा मुलाच्या, जेम्सच्या, हाती दिला आणि त्याला लंडनला राजाकडे धाडलं. बजावून सांगितलं, जागा तुला मिळत असेल तरच हा कागद पुढे कर. पोरगं तिकडे गेलं आणि एका साध्या न्यायाधीशाच्या जागेवर राजी होऊन बसलं. राजीनामा मात्र देऊन बसलं. दफ्तरदारी गेली टॉमस हॅमिल्टनकडे, त्याच जुन्या आठांपैकी एकाकडे. राजा त्याला काउगेटचा टॅम म्हणायचा. हॅमिल्टनने ती फार दिवस ठेवलीही नाही, अलेक्झांडर हेशी अदलाबदल करून राज्याचा सचिव झाला.

ही हकिगत आर्चबिशप स्पॉटिसवुडने सांगितली आहे. तो त्या काळी दरबारात वावरत होता, पण त्याचा इतिहास छापला गेला १६५५ साली. म्हणून पोरगं फसवलं गेलं की गाफील राहिलं, हे मी वहीत पेन्सिलने लिहिलं आहे. नेमणुकीचं साल, १६१२, शाईने. जॉन स्कीन १६१७ साली वारला, तेही शाईने.

मुलगा जेम्स पुढे १६२६ साली त्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. ती ओळ बापाच्या पानावर घुसडू नका. नवीन पान उलटा, वर 'लॉर्ड करीहिल, दुसरा' असं लिहा आणि पुन्हा पाच रकाने आखा.